घाईचं सॉफ्टवेअर

मंगळवारी आई गेली. तिचं हलतंबोलतं चित्र भावाच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये तेवढं होतं. ते शूटिंग करणाऱ्याचं दुकान कराडला आमच्या वाचनालयाखाली होतं. कॅसेट त्यानं कॉम्प्युटरवर घेतली, पण सीडीवर मावावी म्हणून ती फाइल बारीक करायची होती. त्यासाठी त्याच्याकडे तीन सॉफ्टवेअर होती. त्यांच्याबद्दल तो सोयऱ्यांबद्दल बोलावं तसा बोलायचा.

पहिल्यात आईच्या चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले. “हे लय घाईचं हाय. माणसं चौकोनी करतंय.”

दुसऱ्यात आईचे ओठ आधी हलले, आवाज मागून आला.

“हेबी न्हाई.”

तिसऱ्याला अख्खी दुपार लागली. मग पडद्यावरच्या आईनं कॅमेऱ्याकडे बघून विचारलं, “जेवलास का रं?”

“जेवलो, काकू,” तो म्हणाला, आणि त्यानं तेच सॉफ्टवेअर ठेवलं.

आता आईचं तेवढं एक वाक्य घरात आहे.