पेवातली हवा

माझं माहेर थेरगावचं. लग्न होऊन महाळुंग्याला आले तेव्हा धाकटे भावजी पुण्याला कॉलेजात शास्त्र शिकत होते. आमच्या घरात तेवढं शिकलेलं दुसरं कुणी नव्हतं. सुट्टीला आले की माझ्या चुलीपाशी बसून शिकलेलं सगळं सांगत. मी जेमतेम चौथी झालेली, पण ऐकायला मला आवडायचं.

एकदा फुंकणीनं जाळ करताना त्यांनी मला थांबवलं. "वहिनी, आपल्या अंगातली एकेक पेशी म्हणजे अशी चूलच. वारा मिळाला की साखर पुरती जळते, शक्तीही भरपूर मिळते. वारा तुटला तरी काही पेशी थोडा वेळ तग धरतात. साखर अर्धीमुर्धी वापरून भागवतात. पळून पळून पोटऱ्या भरून येतात ना, तेव्हा तेच चाललेलं असतं."

"आणि सगळ्याच पेशी धरतात व्हय तग?"

"न्हाई. मेंदूला दम निघत न्हाई." घरी बोलता बोलता त्यांची भाषा आमच्यासारखी व्हायची. मग म्हणाले, "पेवातली ज्वारीसुदिक जिवंतच हाय. कोंडली की आधी आतली हवा खाऊन टाकती, मग आंबाया लागती."

ज्वारी श्वास घेते म्हटल्यावर मी पदर तोंडाला लावून हसले होते.

त्या वर्षी पाऊस उशिरापर्यंत पडत राहिला आणि पेवात ओल शिरली. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार, वर माणूस उतरेल एवढंच तोंड. बियाण्यासाठी ते उघडलं तेव्हा आंबूस, दारूसारखा वास आला. आत कंदील सोडून बघायची रीत होती. विझला तर उतरायचं नाही. पण आमचे हे घाईत होते. "सकाळधरनं तोंड उघडं हाय की," म्हणाले आणि उतरले.

आतून एकदा खोकल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मी वरून हाका मारत राहिले.

भावजी गोठ्यातून धावत आले. वाकून वास घेतला आणि त्यांचा चेहराच उतरला. तिथं काय आहे हे आम्हा सगळ्यांत त्यांनाच कळलं होतं. माझ्या हाका ऐकून आलेले शेजारचे दोघं म्हणाले, "थांब, कुणाला तरी बोलवू." भावजींनी कमरेला दोर बांधला, दुसरा हातात घेतला. "तवर दादा ऱ्हाईल का?" म्हणाले, छाती भरून श्वास घेतला आणि आत गेले.

दम कोंडून त्यांनी थोरल्या भावाच्या काखेतून दोर ओवला, गाठ मारली, खालून वर रेटलं. ह्यांचं अंग जड. शेजारच्या दोघांनी आणि मी मिळून ह्यांना बाहेर ओढलं. त्यात सगळ्यांचे हात बराच वेळ गुंतले. भावजींचा दोर ओढायला वळलो तेव्हा तो सैल पडला होता.

त्यांनाही ओढून वर काढलं. दोघंही भाऊ जगले. हे संध्याकाळपर्यंत बोलायला लागले. भावजींनी डोळे उघडले, पण मला ओळखलं नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हातापायांना काही झालेलं नाही, डोक्याला मात्र फार वेळ हवा मिळाली नाही. हे सगळं भावजींनीच मला चुलीपाशी सांगितलेलं होतं.

कॉलेज सुटलं. हळूहळू ते गुरं सांभाळायला लागले, माणसं ओळखायला लागले. पुस्तक घेऊन बसत, अक्षरं लागत, पण ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात विसरलेली असे. मग माझ्याकडे बघून ओशाळं हसत आणि पुस्तक मिटून ठेवत.

तेव्हापासून हे भावजींच्या आधी कधी जेवायला बसले नाहीत. एकदा जेवताना घास तसाच हातात धरून म्हणाले, "माझ्या जागी त्यो शाबूत ऱ्हायला पायजे हुता."

"असं बोलू नगा," मी म्हणाले. माझं कुंकू राहिलं होतं. भावजी मान खाली घालून भाकरी कुस्करत होते. मी त्यांना आणखी थोडं दूध वाढलं.