बंधाऱ्याला अडकलेलं पार्सल

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, उसाच्या फडात सापडलेली प्रेतं पाहिली. त्यातलं बरंचसं आता विसरलो आहे. गोधडीच्या एका पार्सलची ती घटना मात्र काही केल्या विसरता येत नाही. तिच्यात रक्ताचा थेंबही सांडला नव्हता, तरी तिनं मला जसा हादरा दिला, तसा दुसऱ्या कुठल्या प्रकरणानं दिला नाही.

निवृत्तीला थोडाच काळ उरला होता आणि मी दौंड तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी चाळत होतो. तेवढ्यात ठाणे अंमलदारानं एका बाईंना आत आणलं. त्या शिरूरला राहणाऱ्या, कारेगावजवळच्या एका कंपनीत कामाला होत्या. शिफ्ट संपवून थेट आल्या होत्या, कंपनीचा गणवेशही अंगावर तसाच होता.

"साहेब, माझी आई वारली," त्या म्हणाल्या. "आईच्या साड्यांची गोधडी शिवून देते, अशी तुमच्या हद्दीतल्या एका बाईंची मोबाइलवर जाहिरात होती. मी साड्या पाठवल्या. गोधडी शिवून झाली म्हणून फोटोही आला. पण पार्सल आलंच नाही. फोन केला की म्हणते, पाठवलंय, येईल."

ऑनलाइन फसवणुकीचे अर्ज ठाण्यात रोजच येतात. मी सवयीनं म्हणालो, "बघू, पैसे परत मिळवून देऊ."

"पैसे नकोत हो मला!" त्या एवढ्या जोरात ओरडल्या की बाहेरचा शिपाई डोकावला. "मी सगळ्या साड्या पाठवल्या. एकसुद्धा मागं ठेवली नाही. आईचं आता माझ्याकडं काही म्हणजे काहीच नाही."

मी अर्ज चौकशीला घेतला. पाठोपाठ नाशिकहून आणि सोलापूरहूनही तशाच तक्रारी आल्या. सगळ्यांचं बोट त्याच बाईकडं होतं.

ती भीमेकाठच्या एका गावातली बागायतदार घराण्यातली सून निघाली. नवरा साखर कारखान्यात नोकरीला, सासरे गावचे माजी सरपंच. सगळा गाव त्यांना आबा म्हणायचा. शांतता समितीच्या बैठकीला मी पूर्वी त्यांच्या घरी चहा घेतलेला. पांढरंशुभ्र धोतर, टोपी, बोलणं मोजकं. अशा घरात फसवणूक होईल यावर माझा विश्वास बसेना. पण पोलिसाच्या विश्वासाला तसा काही अर्थ नसतो.

बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नाही, घरीच जायचं, असा नियम आहे. महिला हवालदाराला घेऊन मी गेलो. पडवीत शिलाई मशीन होतं, भिंतीला रंगीबेरंगी गोधड्यांची चळत. तयार गोधडी ती आधी प्लास्टिकमध्ये गुंडाळायची, वरून मांजरपाटाच्या कापडात घालून चारी बाजूंनी शिवायची आणि त्यावर ठसठशीत अक्षरात पत्ता घालायची. काम मोठं नेटकं होतं. आबा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. आमचं बोलणं त्यांना शब्दन् शब्द ऐकू जात होतं.

"पार्सल पोस्टात कोण टाकतं?" मी विचारलं.

"मीच टाकते," ती म्हणाली.

"या पार्सलांच्या पावत्या?"

"पोस्टात नेटची लिंक नव्हती तवा. पावती नंतर देतो म्हणाले."

मी तिथून थेट पोस्टात गेलो. तिथल्या बाबूनं तिला कधी पाहिलंच नव्हतं. पार्सलं यायची ती आबांच्या मोटारसायकलवरून. मोठ्या घरची सून गठुडी घेऊन स्टँडवर उभी राहणं त्या घराला शोभत नाही, म्हणून सासरेच ने-आण करायचे. आलेल्या प्रत्येक पार्सलची नोंद पोस्टात व्यवस्थित होती. तक्रार आलेली पार्सलं मात्र तिथवर पोचलीच नव्हती.

म्हणजे बाई माझ्याशी सरळ खोटं बोलली होती. मी परत फिरलो. मला पाहून तिचा चेहरा उतरला. मी आबांना नमस्कार करून विचारलं, "आबा, पार्सलं तुम्ही नेता ना?"

"व्हय. ती माज्या हातात देती त्येवढं म्या पोचवतो," आबा शांतपणे म्हणाले. "न दिल्यालं कुठनं पोचवू?"

हे ऐकून सुनेनं एकदाच मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं. मग मान खाली घातली ती घातलीच. मी खडसावून विचारलं, महिला हवालदारानं समजुतीनं विचारलं. ती एकच वाक्य बोलत राहिली, "माझ्याकडनंच काहीतरी राहिलं असंल साहेब." तिच्या हाताची बोटं पदराला पीळ घालत होती.

इतकी वर्षं संशयितांचे चेहरे वाचल्यावर मला ही गुन्ह्याची कबुलीच वाटली. जुन्या साड्यांच्या काठांना चांदीची अस्सल जर असते, ती वितळवून विकणारी माणसं मला ठाऊक होती. तेवढ्यात नवरा कारखान्यातून धावत आला. पोलिसांची गाडी दारात, गल्लीत माणसं जमलेली. तो माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला. "साहेब, ती तशी न्हाई वो. गुन्हा दाखल झाला तर हिला माहेरलाबी तोंड दाखवता यायचं न्हाई."

"खरं सांगायला सांगा मग तिला," मी म्हणालो.

तो बायकोकडं वळला. तिनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं. आबा ओट्यावर चहा पीत होते. त्यांनी कप संपवून बशीवर पालथा घातला आणि शेताकडं निघून गेले.

दुसऱ्या दिवशी गुन्हा दाखल करायचा असं मी ठरवलं होतं. फिर्यादीचा मसुदा सांगायला बसलो, तोच बीट अंमलदाराचा फोन आला. तो हसू दाबत होता. "साहेब, बंधाऱ्यावरच्या मासे धरणाऱ्यानं कळवलंय, फळ्यांना करणीचं काहीतरी अडकलंय. तो हात लावायला तयार नाही. म्हणतो, आधी पोलीस येऊ द्या."

करणीच्या खबरीवर एरवी मी शिपाई पाठवला असता. पण "पांढऱ्या कापडात शिवलेलं हाय" असं तो मासेवाला म्हणाला होता. मी स्वतः गेलो.

बंधाऱ्याच्या फळ्यांशी जलपर्णीत एक गठुडं तरंगत होतं. मासेवाला दहा हात लांब उभा राहून म्हणाला, "साहेब, उघडू नगा बरं का. नारळ हाय त्येला. कुणीतरी उतरून टाकल्यालं दिसतंय."

दोन पंच बोलावून पंचनामा केला. मांजरपाटावरची शाई पसरली होती, पण 'शिरूर' एवढं वाचता येत होतं. पार्सल कुणी उसवलं नव्हतं, एक टाकाही तुटला नव्हता. आणि त्याला सुतळीनं बांधला होता एक नारळ आणि हिरवा खण. कापडाच्या घडीत हळदकुंकवाचा चिखल झाला होता.

मी त्या खणाकडं बघतच राहिलो. चोर मुद्देमाल लपवतो, विकतो, फार तर जाळतो. त्याची ओटी भरत नाही.

तिथंच उभं राहून मी नाशिकच्या आणि सोलापूरच्या बाईंना फोन लावले. दोघींच्याही साड्या वारलेल्या आईच्या होत्या. मग ज्यांना पार्सल नीट मिळालं होतं, अशा गिऱ्हाइकांना महिला हवालदारानं विचारलं. कुणी स्वतःच्या लग्नातली साडी दिली होती, कुणी बाळंतविड्यातली लुगडी, कुणाची आई जिवंत होती आणि तिनंच हौसेनं साड्या काढून दिल्या होत्या. जिवंत बायकांच्या साड्या सगळ्या पोचल्या होत्या. मेलेल्या बायकांची एकही पोचली नव्हती.

सून फोन स्पीकरवर ठेवून शिवायला बसायची, हेही या गिऱ्हाइकांकडूनच कळलं. गिऱ्हाइकं रडत रडत आईच्या आठवणी सांगायची. ओट्यावर बसून ते कोण ऐकत होतं, हे मला आता कुणी सांगायला नको होतं.

मी आबांकडं गेलो आणि त्यांच्यापुढं तो नारळ ठेवला. त्यांनी नाकारलं नाही, दचकलेही नाहीत.

"सापडला व्हय?" ते म्हणाले. "पाणी कमी पडलं म्हंजी."

"आबा, का केलंत हे?"

"मेल्याली बाई घरात ठिवायची असती का साहेब? तिची कापडं दहाव्याला सोडायची, तवा तिचा जीव सुटतो. ह्या पोरी ती अंगावर घिऊन झोपणार. त्या बायांनी जायचं कवा? कुणाच्या का असंनात, लेकीबाळीवानी वटी भरून वाटं लावल्या म्या. हात जोडले, मगच सोडल्या."

त्यांच्या आवाजात वाईट हेतूचा लवलेश नव्हता. मला त्याचीच भीती वाटली.

"आणि तुमची सून? तिच्यावर मी गुन्हा दाखल करणार होतो. तुम्ही इथं बसून ऐकत होतात."

"तिनं माजं नाव घेतलं का?"

"नाही."

"मग म्या का घिऊ?" आबा म्हणाले. "घरातली गोष्ट घरात ऱ्हायली आसती."

मी थक्क झालो. ज्या माणसाला मेलेल्या परक्या बायकांची एवढी काळजी, त्याला स्वतःच्या घरातली जिवंत पोर दिसत नव्हती.

ते स्वतः होऊन ठाण्यात आले. लेक आणि सून बरोबर होते. तक्रारदार बाईंना ओळख पटवायला बोलावलं होतं. गोधडी आम्ही ठाण्याच्या मागच्या व्हरांड्यात दोरीवर वाळत घातली होती. पाण्यानं एका साडीचा रंग दुसरीत उतरला होता. बाईंनी एका जांभळ्या काठावर हात ठेवला आणि त्या तिथंच हमसून रडायला लागल्या.

आबा पुढं झाले. "पोरी, रडू नगं. तुज्या आईला मोकळी केली म्या."

बाईंनी डोळे पुसले. "आई माझी होती, आबा. तिला कधी मोकळी करायची, ते मी ठरवणार होते. तुम्ही कोण?"

आबांना असं विचारणारं गावात कुणी नव्हतं. ते उत्तर शोधत असतानाच सून बोलली. इतक्या दिवसांत तिचा मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"आबा, आत्याबाई, यांच्या आई, गेल्या तवा दहाव्याला तुमी त्यांच्या समद्या साड्या भीमेत सोडल्या. एक तरी ठिवा, एवढं म्हणायची यांची हिंमत झाली न्हाई. तुमी घरी आल्यावर हे माघारी गेले व्हते नदीला. छातीएवढ्या पाण्यात हिंडत व्हते, काय हाताला लागतंय का बघत. तुमाला कुणी सांगितलं न्हाई. रिकाम्या हातानं आले आन् माझ्याजवळ बसून ल्हान पोरावानी रडले. तवा मी ठरवलं, कुणाच्या तरी आईची साडी तरी वाचवायची. म्हणून हे काम सुरू केलं."

आबांनी लेकाकडं पाहिलं. चाळिशीचा, भरदार मिशांचा तो गडी भिंतीशी उभा होता.

"व्हय रं?" आबांनी विचारलं.

लेकानं नुसती मान हलवली. आबा खाली फरशीवर बसले. मी खुर्ची पुढं केली, ती त्यांनी घेतली नाही.

पुढचं कायद्याच्या भाषेत सांगायचं तर, तक्रारदार बाईंनी आपली तक्रार नाही असा जबाब दिला आणि भिजलेली गोधडी छातीशी धरून नेली. बाकीच्या बायकांना सुनेनं स्वतः फोन करून खरं काय ते सांगितलं. एकीनं तिला वाटेल ते बोलून घेतलं. दुसरीनं गोधडी कुठल्या घाटावर सोडली, तेवढं विचारलं आणि पुढच्या आठवड्यात ती तिथं येऊन गेली. सुनेनं काम बंद केलं नाही. पार्सलं पोस्टात आता तिचा नवरा नेतो, असं मला नंतर बीट अंमलदारानं सांगितलं.

नव्या फौजदारांना मी नेहमी सांगायचो, गुन्ह्यामागचा फायदा शोधा, माणूस सापडतो. इथं कुणाचा काडीचा फायदा नव्हता. खोटं बोलणारी सून स्वतःला वाचवत नव्हती आणि शांत बसलेला म्हातारा निर्दोष नव्हता. त्या दिवसानंतर एखादा माणूस आपण बरोबरच आहोत अशा खात्रीनं माझ्यासमोर बसला की मी जास्त सावध व्हायला लागलो. चोराच्या नजरेत निदान भीती असते, आणि भीती असली की त्याच्याशी बोलता येतं. आबांच्या नजरेत ती मला एकदाच दिसली, लेकानं मान हलवली तेव्हा.