मावशीच्या भिंतीमागचं पाणी

आमच्या धंद्यात किस्से मागावे लागत नाहीत. लोकांच्या अंगणात कुदळ घातली की माणसं आपोआप बोलायला लागतात, आणि बोलायला लागली की भांडायला लागतात! मी आणि पद्माकर मेस्त्री शहापूर-मुरबाड पट्ट्यात अंगणांचीच कामं करतो. पाणी कुठे साचतं, ते कुठून काढायचं, फरशीला ढाळ, म्हणजे उतार, कोणत्या बाजूला द्यायचा. घर बांधताना याचा विचार कोणी करत नाही. वास्तुशांत होते, जेवणावळी उठतात, आणि पावसाळ्यात आमचा फोन वाजतो.

पण एकाच आळीत इतके किस्से मिळाले ते मुरबाडच्या बाजूला. घरं उतारावर, एकाखाली एक. सगळ्यात खालचं माझ्या बायकोच्या मावशीचं, सुगंधामावशीचं. नवरा वारलेला, लेक आसनगावला दिलेली. मागची भिंत मातीची, आणि वरच्या सगळ्या घरांचं पाणी त्या भिंतीला येऊन टेकायचं. भिंत निम्म्यापर्यंत ओली झाली होती. लेक म्हणायची घर सोड, माझ्याकडे ये. मावशीने मला स्वच्छ सांगितलं, "भिंत पडली तर जाईन लेकीकडं. पन एकदा गेले तर मी परत येनार नाय."

ती बोलते तसं करते. भाताची आवणी, म्हणजे लावणी, उरकली होती आणि पावसाने जरा उघडीप दिली होती. तो पुन्हा लागायच्या आत वरपासून खालपर्यंत एक गटार काढायचं होतं.

*

सगळ्यात वर विलास. बाईकने आसनगाव गाठून रोज ठाण्याला नोकरीला जाणारा, त्यामुळे आळीत त्याच्या शब्दाला वजन. नवी गाडी घेतली म्हणून त्याने अंगणभर पेव्हर ब्लॉक बसवले होते. आम्हाला बघताच बादली आणून ओतून दाखवली. पाणी सरळ गेटबाहेर! एक थेंब थांबत नाही म्हणाला.

पद्माकर म्हणाला, "थांबत नाय ते दिसलं. जातंय कुटं ते कदी बगितलंव?"

बघितलं नव्हतं. गेटच्या आत आडवी नाली काढून वर लोखंडी जाळी टाकतो म्हटलं, तर गाडीला दणका बसेल म्हणून हा अडून बसला. शेवटी तोड त्याच्या आईने काढली. जाळी टाका, मी डोळे मिटून मागच्या सीटवर बसते, मला धक्का लागला तर उखडून टाका. झालं! आम्ही जाळी टाकली. म्हातारी नऊवारी सावरून गाडीत बसली, विलासने गाडी जाळीवरून बाहेर काढली, पुन्हा आत घेतली. पद्माकर कपाळाचा घाम पुसत उभा. हा निकाल उलटा गेला असता तर काम तिथेच संपलं असतं.

विलासने विचारलं, आई, लागला का धक्का?

म्हातारी डोळे न उघडता म्हणाली, "आता निगनार तरी कदी रं?"

*

मधलं घर आनंदीबाईंचं. त्यांच्या न्हाणीचं पाणी जमिनीखालून कुठे जातं ते खुद्द त्यांनाही माहीत नव्हतं. असं असलं की पद्माकरची एक रीत आहे. पाण्यात मूठभर गुलाल कालवायचा, मोरीत ओतायचा आणि लाल पाणी कुठे वर येतं ते शोधत हिंडायचं. आनंदीबाईंना सांगून त्याने गुलाल ओतला आणि आम्ही आळीभर शोधत सुटलो.

पाणी वर आलं ते त्यांच्याच तुळशीच्या बुडाशी. आणि ते आमच्याआधी त्यांच्या सासूने बघितलं!

आम्ही पोचलो तोवर दार बंद. सासू आतून ओरडत होती, कोणीतरी करणी केली, भगत येईपर्यंत अंगणाला हात लावायचा नाही. आनंदीबाईंनी समजावलं, पद्माकरने खिडकीतून लाल झालेले हात दाखवले, पण म्हातारी बधेना. तिकडे डोंगरावर ढग जमायला लागलेले. मी इतका चिडलो होतो की पद्माकरने मला धरून विलासच्या कट्ट्यावर बसवून ठेवलं.

दुपार उलटल्यावर भगत आला. वाकून तुळशीच्या बुडाशी बोट बुडवलं, बोट नाकाशी नेलं आणि म्हणाला, "गुलाल हाय. कोनाची मिरवनूक होती?"

मग जाताना मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, त्याच्याही परसात पाणी तुंबतं, कधी बघायला येता?

*

खरी गाठ पुढे होती. मावशीच्या डोक्यावरचं घर बाळारामभाऊंचं. हे तिचे सख्खे दीर. पूर्वी या दोन घरांच्या मधून एक चर जायचा आणि आळीचं सगळं पाणी ओढ्याला लागायचं. वाटणीत भांडण झालं. बाळारामभाऊंनी हद्दीपर्यंत सिमेंटचा ओटा ओढला आणि चर त्याखाली गाडला गेला. मावशीचा नवरा भावाशी न बोलताच गेला. तेव्हापासून वहिनी-दीरही एकमेकांशी बोलत नाहीत.

बाळारामभाऊ माणूस वाईट नाही. आम्हाला चहा दिला, परसातली काकडी दिली, पद्माकरच्या मुलांची चौकशी केली. ओट्याची एक कड तोडून पाईप टाकू द्या म्हटलं, तर एकच शब्द बोलले, "नाय."

मी म्हटलं वहिनीची भिंत जाईल. ते म्हणाले, आणखी काकडी घे.

मागून भाताच्या खाचराकडून गटार वळवता येतं का ते बघायला पद्माकरने उंच-सखल मोजायचा, पाणी भरलेला लेव्हल पाईप लावला. एक टोक माझ्या हातात, दुसरं त्याच्या. शेत गटारापेक्षा वर निघालं! त्याने दोनदा बघितलं, मग पाईप गुंडाळून खांद्यावर टाकला.

*

तरी पद्माकर स्वस्थ बसला नाही. रेतीच्या गोणी आणल्या आणि मावशीच्या भिंतीमागे बांध घातला. आता टिपूस शिरणार नाही म्हणाला. पहिली सर आली, बांध जागचा हलला नाही, पाणी मात्र फुगून मागे फिरलं आणि बाळारामभाऊंच्या उंच ओट्याला वळसा घालून थेट आनंदीबाईंच्या खोलगट स्वयंपाकघरात शिरलं. त्यांची सासू खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. या वेळी तिने भगताला बोलावलं नाही, पद्माकरलाच बोलावलं. तो काय ऐकून आला ते त्याने अजून मला सांगितलेलं नाही. गोणी मात्र त्याने एकट्याने उचलल्या.

म्हणजे वरचं गटार तयार, आणि बाळारामभाऊंच्या ओट्याशी येऊन त्याचं तोंड बंद. सगळं पाणी आता आधीपेक्षा जोरात मावशीकडेच येणार होतं. आम्ही भलं करायला गेलो आणि तिचं संकट वाढवून ठेवलं.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस लागला तो असा की समोरचा डोंगर दिसेना. मावशीच्या घरामागे घोट्याच्या वर पाणी. भिंतीचा गिलावा पापड सुटावा तसा सुटायला लागला. मी आत जाऊन तिला हात जोडले, बाहेर चल. ती खाटेवर बसून राहिली. लेकीला फोन लावू का विचारलं, तर म्हणाली नको, ती लगेच न्यायला येईल.

भिंतीतून बारीक माती गळत होती. मी तिचा हात धरून अक्षरशः ओढायला लागलो. तेवढ्यात मागून दणके ऐकू आले. मला वाटलं भिंत चालली!

मागच्या दाराने बाहेर बघतो तर बाळारामभाऊ. डोक्यावर प्लास्टिक बांधलेलं, दोन्ही हातांत मावशीच्या मागच्या दाराशी टेकलेली असायची ती जुनी पहार, आणि स्वतःचा ओटा फोडतायत. पद्माकर धावला, मी धावलो. त्यांनी आम्हाला हात लावू दिला नाही. सिमेंटचा मोठा तुकडा निघाला, खालून जुन्या चराचं तोंड दिसलं आणि आळीचं सगळं पाणी आवाज करत त्यात घुसलं. मावशीच्या भिंतीजवळचं पाणी बघता बघता उतरलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पाऊस होता म्हणून बरं.

बाळारामभाऊ धापा टाकत फुटक्या ओट्यावर बसले. थोड्या वेळाने माझ्याकडे न बघता म्हणाले, "वयनीला सांग, वटा पावसानं फोडला."

मी आत गेलो. मावशी खाटेवरून उठून मागच्या दारात येऊन उभी होती. तिथून ओटा सरळ दिसत होता. तरी मी निरोप सांगितला, की ओटा पावसाने फोडला.

तिने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली,

"पावसाला सांग, काम झालं की पहार आनून ठेव. त्याच्या दादाची हाय ती."