दौलतचं मशीन आणि माझी हळद

माझा दीर दौलत झाडं कापायचा. कोणी विचारलं की काय करता, तर सांगायचा, "झाडांचे केस कापतो." शहाडला चाळीत त्याची खोली माझ्या खोलीला लागून. मी लग्न होऊन आले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, त्याचं नाक मी पदराने पुसलेलं. म्हणून भावोजी बिवोजी कधी म्हटलं नाही. दौलत तो दौलतच. तोही मला वहिनी म्हणायचा, पण अगं-तुगं करून.

चाळीस वर्षं त्याने ठाण्या-कल्याणच्या सोसायट्यांमधली झाडं उतरवली. कमरेला दोर, पाठीला कोयता आणि पाय अनवाणी. काम असेल त्याच्या आदल्या संध्याकाळी तो झाडापाशी जाऊन यायचा. खोडावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "उद्या येतो." खारींना, मुंग्यांना निरोप मिळावा म्हणून. घरटं दिसलं तर काम पुढे ढकलायचा, मग ठेकेदार कितीही ओरडो. ठेकेदार म्हणजे कोपरीचा सुधीर. परवानगीचे कागद आणि टेम्पो त्याचा, झाड दौलतचं.

साठी उलटली आणि दौलतचा उजवा खांदा गेला. हात डोक्याच्या वर जाईना. त्याने कोणाला कळू दिलं नाही, पण फळीवरचा पोह्याचा डबा तो मला काढायला सांगायला लागला तेव्हा मी काय ते समजले. त्याची बायको शेवंती आधीच गेलेली. घरात दुसरं माणूस नाही. काम सुटलं तर हा माणूस दिवसभर करणार काय, हीच मला काळजी. शेवटी सुधीरनेच तोंड उघडलं. "काका, आता सगळे चेनसॉने कापतात. मशीन आणा, खाली उभं राहून बुंधे कापा. नाहीतर घरी आराम करा."

आराम हा शब्द दौलतला शिवीसारखा लागला.

त्याच्या मुलीने, संचिताने, मशीन घेऊन दिलं. ती डोंबिवलीला असते. खोका घेऊन आली आणि म्हणाली, "पप्पा, शपथ घ्या, आता वर चढायचं नाही." दौलतने शपथ घेतली आणि खोक्यावरची चिकटपट्टी इतकी हळू सोडवली की जणू आत मूल झोपलंय. भगव्या रंगाचं मशीन, पुढे लांब पातं, पात्यावर दातेरी साखळी. दोरी ओढली की गुरगुरायचं. चाळीच्या मागे पडलेला ओंडका त्याने दोनदा कापून दाखवला. सगळी चाळ बाहेर आलेली. मी म्हटलं, "अरे, एवढा आवाज तर शेवंतीनेही कधी केला नाही तुझ्यावर." तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला होता.

मग आली खंडेनवमी. आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातलं सगळं लोखंड पाटावर मांडतात. कोयता, कुऱ्हाड, करवत, विळी, माझं शिलाई मशीन. दौलतच्या हत्यारांची पूजा शेवंतीनंतर मीच करायचे. त्या वर्षी मधोमध नवीन मशीन बसवलं. नवीन सून आल्यासारखं माझं झालं. कोयत्याला एक बोट हळद तर मशीनला पाच. वर कुंकू, अक्षता, नारळाचं पाणी शिंपडलं. त्याच्या पाठीवर बारीक फटी होत्या, तिथे हळद नीट बसली, म्हणून तिथेच जास्त लावली. दौलत दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "वहिनी, पुरे. लग्न लावतेस का त्याचं?"

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी कोलशेतच्या एका सोसायटीत वाळलेला गुलमोहर पाडायचा होता. दौलत दसऱ्याच्या संध्याकाळी एवढ्या लांब जाऊन त्याला सांगून आला. सकाळी इस्त्रीचा शर्ट घातला. झाड पाडायला इस्त्री, मी मनात म्हटलं.

तिथे काय झालं ते मला सुधीरने सांगितलं, दुपारी तो दौलतला घरी सोडायला आला तेव्हा. मशीन सुरू व्हायचं, पण जरा रेस दिली की खोकून बंद. पुन्हा दोरी, पुन्हा खोकला. प्लग पुसला, जुनं पेट्रोल ओतून टाकून नवीन भरलं, ऑइलचं माप बघितलं. तास गेला. गाड्या हलवून ठेवलेली माणसं गॅलरीत उभी. कोणीतरी वरून म्हणालं, "काका, मॅन्युअल वाचा." सुधीर म्हणाला, "राहू दे, दुसरा माणूस बोलावतो." तेव्हा दौलतने कमरेला दोर बांधला, कोयता घेतला आणि संचिताची शपथ मोडून वर चढला.

अर्ध्यावर खांदा अडकला. वरही जाता येईना, खालीही. पंधरा-वीस मिनिटं तो तसाच फांदीला मिठी मारून राहिला. मग दोन माणसांनी शिडी लावून उतरवला. लागलं कुठेच नाही. तरी सुधीर सांगत होता तेव्हा दौलत भिंतीकडे तोंड करून बसला होता. सुधीर माझ्याकडे बघत म्हणाला, "मशीन चांगलं आहे हो आजी. चालवता यायला पाहिजे."

चार दिवसांनी दौलत मशीन पिशवीत घालून कल्याणला दुरुस्तीला घेऊन गेला. संध्याकाळी परत आला. मी विचारलं, "काय झालं होतं रे त्याला?" म्हणाला, "काही नाही. कचरा होता." मशीन नीट झालं होतं. ते घेऊन तो कोपरीला सुधीरकडेही जाऊन आला, पण सुधीरने दुसरी माणसं लावली होती. "म्हातारबाबांना मशीन जमत नाही" हे तोवर सगळ्या ठेकेदारांत झालं होतं.

पुन्हा काम आलं नाही. दौलत घरी बसला. सकाळी नदीच्या बाजूला जायचा आणि तिथल्या झाडांकडे बघत यायचा. चाळीत विषय निघाला की मी तोंड सोडायचे. "चाळीस वर्षं कोयता चालवला, आणि मशीन हातात घेतलं तर फसला गडी." चेष्टेनेच म्हणायचे. तोही हसायचा, म्हणायचा, "खरंय. डोकं लागतं त्याला."

पुढच्या खंडेनवमीला मी पाट मांडला. त्याने मशीन आणून बाजूला ठेवलं. "वहिनी, याला लांबूनच ओवाळ. हळदबिळद नको."

"का? हा कोण लागून गेला?"

"त्याला दमा आहे गं. तुझ्यासारखाच."

मला राग आला. माझ्या हाताची पूजा नको काय, म्हटलं. मग फूलसुद्धा वाहिलं नाही त्याला. तोंड फिरवून विळीला कुंकू लावत बसले.

गेल्या माघात दौलत गेला. सकाळी चहा ठेवायला उठला तो तिथेच बसला. तेरावं झाल्यावर संचिता म्हणाली, "काकू, मशीन कोणाला तरी कामाला देऊ. आधी एकदा दाखवून आणू, चालतंय का." आम्ही दोघी रिक्षाने कल्याणला त्याच दुकानात गेलो. विनीत म्हणून दुकानदार आहे. मशीन बघताच त्याने ओळखलं. "हे हळदवाले काका ना?"

संचिताने विचारलं, "हळदवाले म्हणजे?"

तो सांगायला लागला. मशीन श्वास घेतं तिथे एक जाळी असते. ती उघडली तर आत हळदीचा चिखल, त्यात तांदळाचे दाणे. हवाच जात नव्हती, मग रेस कशी घेणार. "मी हसायला लागलो. म्हटलं, काका, एवढी पूजा कोणी घातली? तर म्हणाले, मीच. म्हटलं, ठेकेदाराला सांगा ना, मशीनचा काही दोष नाही, तुमचाही नाही. तर म्हणाले, नको, घरापर्यंत जाईल ते."

संचिताने माझ्याकडे बघितलं. तिला कळलं. पूजा कोण करतं ते तिला लहानपणापासून माहीत. तिने माझा हात धरला आणि काही बोलली नाही. अगदी बापावर गेलीय.

मशीन विनीतने दोरी ओढून चालवून दाखवलं. पहिल्या झटक्यात सुरू झालं. मला तो आवाज ऐकवेना.

ते आम्ही कोणाला दिलं नाही. परवा खंडेनवमी झाली. कोयत्याला हळद लावली, कुऱ्हाडीला लावली, करवतीला लावली. मशीन दोन हात लांब ठेवलं, दारापाशी, वारा येतो तिथे, आणि लांबूनच ओवाळलं. एक फूल वाहिलं, मागच्या वेळचं राहिलेलं. बोटाला हळद उरली होती. ती दौलतच्या फोटोच्या काचेवर लावली, जरा जास्तच लावली. काचेला काही होत नाही.