हेडसेटने अडवली ती आईची हाक

आचोळेकरांनो, डोकं फिरलंय माझं, म्हणून लिहितेय.

आज आमच्या सोसायटीत हळद होती. दुपारपासूनच गेटवर डीजे. मी घरून ऑनलाइन ट्यूशन घेते, म्हणून खाली जाऊन सेक्रेटरी काकांना हात जोडले, जरा आवाज कमी करा. तर म्हणतात, "अगं, हळद काय रोज असते का? हेडफोन लाव ना!"

लावला. भावाचा गेमिंगचा हेडसेट, कानावर जाड गाद्या असलेला. तो म्हणतो, हा घातला की बाहेरचं जग बंद.

डोंबल बंद! त्या गाद्यांनी दाराची बेल अडवली, भांडी अडवली, माणसांचं बोलणं अडवलं. डीजेचा धमधमाट मात्र जसाच्या तसा. तो नुसता कानातून येतच नाही हो, लादीतून, खुर्चीतून छातीत शिरतो.

क्लास संपवून हेडसेट काढला, तेव्हा बाथरूममधून आईचा आवाज आला. पाय घसरून पडली होती. "केव्हाची हाका मारतेय गं," एवढंच म्हणाली. हाड मोडलं नाही, नशीब. पण ओरडून ओरडून घसा पार बसलाय तिचा.

आत्ता काका हळदीचं जेवण घेऊन आले. आईला पलंगावर पडलेली बघून, काय झालं ते ऐकून तिला म्हणाले, "अहो वहिनी, आम्हाला एक हाक मारायची ना!"

तुम्हीच सांगा, त्या डीजेपुढे तिने केवढ्याने मारायला हवी होती?