चौथऱ्यातल्या वह्या

वेणूबाईच्या आयुष्यात एकही गोष्ट पुरी झाली नव्हती. शाळा दोन दिवसांची. तिसऱ्या दिवशी धाकट्या भावाला सांभाळायला घरी बसवली ती कायमची. जांभूळ गावातलं घर जोत्यापर्यंत आलं तेव्हा नवरा, बुधाजी, कावीळ होऊन गेला. त्या जोत्यावर तिच्या मुलानं पुढं भिंती उभारल्या, पण त्या घरात सून सोनियाचा शब्द चालायचा, वेणूबाईचा नाही. तिच्या स्वतःच्या म्हणण्यासारखी एकच जागा होती. उल्हासनगर कॅम्प चारच्या बाजारात, रस्त्याच्या कडेला, गोणपाटाएवढी. तिथं ती तीस वर्षं सुकी मासळी विकत होती. बोंबील, सुकट, वाकट्या. पावसाळा जवळ आला की सिंधी शेठांच्या बायकाही तिच्यापुढं वाकून बोंबील निवडत.

बाजारामागच्या वस्तीत नवं राममंदिर बांधायचं ठरलं, तेव्हा समितीचे चिटणीस चिंतामणी साहेब बाजारात आले होते. अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांनी मंडपात भाषण केलं.

"कारखान्यात टार्गेट असतं, तसं देवाच्या वाटेवरही असावं," ते म्हणाले. "नुसतं 'देवा देवा' करून भागत नाही. आकडा ठरवा. रोजचं काम ठरवा. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट. प्रत्येकानं रामनाम लिहा. मूर्तीच्या खालचा चौथरा पोकळ ठेवणार आहोत. तुमच्या हातच्या वह्या त्यात जातील आणि त्यावर देव उभा राहील."

देव त्यावर उभा राहील, हे वाक्य वेणूबाईच्या मनात रुतून बसलं.

समितीच्या वह्या चौकटींच्या होत्या. एका पानावर शंभर घरं, वहीत शंभर पानं. दहा वह्या म्हणजे एक लाख. हा हिशेब तिला तिच्या नातीनं, सातवीतल्या सईनं करून दिला. रोज दोन पानं लिहिली तर पाचशे दिवस.

"पण आजी, तुला तर लिहिताच येत नाही."

"मग शिकव. दोनच तं अक्षरं हायत."

सईनं पाटीवर शिकवलं. र लवकर आला. म ने छळलं. त्याच्या पोटातली गाठ वेणूबाईच्या हाताला काही जमेना. दर वेळी थोडी उघडीच राहायची. बारा दिवसांनी सई म्हणाली, "चालेल, राम आहे हे कळतंय." अशी वयाच्या बासष्टाव्या वर्षी वेणूबाई साक्षर झाली, एका शब्दापुरती. स्वतःचं नाव शिकायचं राहिलं. त्याची तिला गरज वाटली नाही.

दुपारी बाजार मंदावला की ती नळावर जाऊन हात धुवायची. आधी राख, मग लिंबाची फोड, मग साबण. वही प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पत्र्याच्या चौकोनी डब्यात असायची, म्हणजे मासळीचा वास लागू नये. तोच डबा मांडीवर घेऊन त्यावर वही ठेवून ती लिहायची. शेजारी भाजीवाली भागीरथी बसे. तीही लिहायला लागली होती. तिचा प्रमोद एकवीस वर्षांचा असताना कारखान्यातल्या अपघातात गेला होता. तिनं पाच वह्यांचा नेम धरला, आणि प्रत्येक पान पुरं झालं की खाली कुंकवानं अंगठा उमटवायची.

"असं का गो?" वेणूबाईनं एकदा विचारलं.

"देवानं ओळखावं ना, पोरगा कुणाचा ते. हजार वह्या असतील तिथं. माझा प्रमोद तेवढा त्याच्या पायाशी बसला की मी सुटले बघ."

दोघी मग मुकाट्यानं लिहीत. कधी भागीरथी टोमणा मारी, "अगं, तुझा राम बोंबलासारखा सुकत चाललाय, जरा जाड काढ!" आणि वेणूबाई पदरात तोंड घालून हसे.

घरी असं हसू नव्हतं. सोनिया अंबरनाथच्या चाळीतली, बारावी झालेली, तोंडानं फटकळ. "झालं का ऑफिसचं काम?" ती सासूला विचारायची. "तुमच्या अक्षरानं देव पळून जाईल. अंगाला वास मारतो तो मारतो, आता वहीला पण." एकदा गॅस पेटवायला काडी ओली निघाली तेव्हा तिनं चौथ्या वहीचं पान टरकावलं, देव्हाऱ्यातल्या दिव्यावर पेटवून बर्नरला लावलं. शंभर नावं. दुसऱ्या दिवशी वेणूबाईनं दोनऐवजी तीन पानं लिहिली. ताप आला तेव्हाही लिहिलं. उजव्या अंगठ्याला वाकटीचा काटा लागून तो पिकला, तेव्हा पेन दोन बोटांत धरून लिहिलं. पाचशे दिवसांत तिचा नेम चुकला नाही असं नाही. सात वेळा चुकला, आणि सातही वेळा तिनं तो दुसऱ्या दिवशी दुप्पट फेडला.

होळीनंतर वह्या जमा करायच्या होत्या. ती नवं लुगडं नेसून गेली. चिंतामणी साहेबांनी वरची वही दोन बोटांत धरली, नाकाजवळ नेली आणि खाली ठेवली.

"मावशी, वास तरी धुवायचा."

"धुतलाय साहेब. राख, लिंबू..."

"असू दे, असू दे. ठेवा तिकडं, भिंतीशी."

इतरांच्या वह्या टेबलावर होत्या. तिच्या दहा फरशीवर ठेवल्या गेल्या. तरी तिनं त्यांना हात लावून नमस्कार केला. जाताना मागं वळून दोनदा पाहिलं. घरी येऊन सईला म्हणाली, "बाय, पुरं झालं." इतकंच. त्या रात्री ती जेवताना दोनदा आपल्याशीच हसली, आणि सोनियानं नवऱ्याला कोपरानं ढोसून दाखवलं.

रामनवमीला मूर्ती बसली. गर्दीत वेणूबाईला चौथऱ्याचा कोपराच दिसला. पांढरा, गुळगुळीत. तिला तेवढा पुरला. भागीरथीनं तिथंच रडून घेतलं. "बसला गं माझा पोरगा," ती म्हणाली. त्या दिवसापासून ती रात्रीची झोपू लागली होती. प्रमोद गेल्यापासून आठ वर्षांत पहिल्यांदा.

पुढच्या मंगळवारी वेणूबाईला दवाखान्यात जायचं होतं म्हणून सकाळी गोणपाटावर सोनिया बसली. मासळी बांधायला कागद लागतो, तो वेणूबाई दर आठवड्याला करणशेठच्या रद्दीच्या दुकानातून आणायची. पुठ्ठे वेगळे काढून आतले कागद सुतळीनं बांधलेला गठ्ठा. या वेळी सोनिया गेली होती. करणशेठ म्हणाला होता, "भाभी, मस्त माल आया है, जाड कागद. बोंबलाला एकदम फर्स्ट क्लास." सोनियानं गठ्ठा सोडला, कागदावर काय आहे ते पाहिलंसुद्धा, आणि एक हात मोबाइलवर ठेवून दुसऱ्यानं पानं टरकावायला लागली. दहा-बारा गिऱ्हाइकं झाली.

वेणूबाई अकराला आली. सोनिया उठली, ही बसली. सुकटीसाठी तिनं पान ओढलं आणि हात थांबला.

शंभर घरं. शंभर राम. आणि प्रत्येक म ची गाठ उघडी.

तिला आधी वाटलं, दवाखान्यातल्या सुईची गुंगी असावी. तिनं खालचं पान काढलं, त्याखालचं. मग गठ्ठा उलटा केला. तळाशी वेगळं, ठसठशीत अक्षर होतं, आणि प्रत्येक पानाखाली कुंकवाचा अंगठा.

शेजारी भागीरथी मेथीवर पाणी मारत होती.

वेणूबाईला बाकी वाचता येत नव्हतं, पण इतकं कळलं की फक्त तिच्याच वह्या परत आल्या नाहीत. वास हे कारण नव्हतं. चौथऱ्यात काहीच गेलं नव्हतं, कुणाचंच. तिनं कुंकवाची सगळी पानं झपकन ओढून पत्र्याच्या डब्यात कोंबली आणि झाकण दाबलं. झाकण लागलं त्याच क्षणी समोर एक बाई उभी राहिली, हातात सकाळचं पुडकं.

"हे काय गं? देवाच्या नावात मासळी बांधतेस? घरी उघडलं तर माझ्या सासूबाईंना चक्कर आली!"

माणसं जमायला किती वेळ लागतो? कपडेवाला आला, रिक्षावाले आले. कुणी पान हातात घेऊन मोबाइलवर फोटो काढू लागला. भागीरथी उठून आली. तिनं पान पाहिलं, आणि उघडी गाठ लगेच ओळखली.

"हे तर तुझंच अक्षर!" तिचा आवाज चिरकला. "म्हणजे तुझ्या वह्या घेतल्याच नाहीत त्यांनी. वासाच्या म्हणून परत केल्या असतील. आणि त्या रागानं तू... वेणू, देवावर सूड उगवतेस? माझं लेकरू आहे त्या देवाच्या पायाशी!"

"भागी, ऐक..."

"नको शिवू मला!"

सोनिया दोन पावलांवर उभी होती. रद्दी कुठून आली, पुडकी कुणी बांधली, सगळं तिला ठाऊक होतं. वेणूबाईनं तिच्याकडं पाहिलं. सोनियानं ओढणी डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "मी तर आत्ताच आले, बाबा. म्हाताऱ्या माणसाला काय सांगणार?"

कुणीतरी चिंतामणी साहेबांना बोलावून आणलं. ते आले, पान पाहिलं, आणि त्यांचा चेहरा क्षणभर पिठासारखा झाला. मग त्यांनी गर्दीकडं पाहिलं. त्या गर्दीत निदान वीस माणसं वह्या दिलेली होती.

"साहेब, परत केल्या होत्या ना हिच्या?" भागीरथीनं विचारलं.

साहेबांनी चष्मा पुसला. "हो," ते म्हणाले. "वास फार होता. परत केल्या होत्या."

वेणूबाईच्या मांडीवर डबा होता. झाकण उघडायचा अवकाश. आत कुंकवाचे अंगठे होते. ते पाहून भागीरथीला काही विचारावं लागलं नसतं. साहेबांची नजरही त्या डब्यावर गेली, आणि त्यांना काय कळलं कोण जाणे, त्यांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला. वेणूबाईनं भागीरथीकडं पाहिलं. गेले काही दिवस तिच्या डोळ्यांखालचं काळं ओसरत चाललं होतं.

वेणूबाईनं झाकणावर दोन्ही हात ठेवले.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

ठरलं ते सगळ्यांसमोर. आठ दिवस गोणपाट पसरायचं नाही, आणि चौथऱ्यावर नाक घासून माफी मागायची. तिला नेलं. रामनवमीला जिथवर पोचता आलं नव्हतं, तिथवर आज वाट मोकळी होती. मोबाइल वर झाले. तिनं पांढऱ्या दगडाला नाक लावलं, घासलं. "नीट घास," मागून भागीरथीचा आवाज आला. तिनं पुन्हा घासलं. दगडावर रक्ताची बारीक रेघ उठली, ती तिनंच पदरानं पुसली.

माणसं पांगली. साहेब कुलूप लावायला थांबले होते. वेणूबाई पायरीवर बसून धाप घालवत होती.

"साहेब, आत काय घातलंत?"

ते किल्लीकडं बघत राहिले. मग हळू म्हणाले, "सिमेंट. इंजिनियर म्हणाला, कागदानं वाळवी लागेल, चौथरा खचेल. सहाशे वह्या होत्या, मावशी. ठेवणार कुठं? लोकांना सांगणार काय?" थोडं थांबून म्हणाले, "तुम्ही सांभाळून घेतलंत. देव बघतो."

"माझे लाख पुरे होते, साहेब."

"होते ना. म्हणून तर सांगतो, मनाला लावून घेऊ नका. ध्येय महत्त्वाचं."

त्यांनी कुलूप ओढून पाहिलं आणि गेले.

तिच्या दहा वह्यांतल्या चाळीस-पन्नास पानांशिवाय काही हाती आलं नाही. बाकी करणशेठनं कुठल्या कुठल्या दुकानांना विकली होती. ती पानं तिनं ठेवली नाहीत. सईला विहिरीत सोडायला सांगितली. मग तिच्याकडून साधी शाळेची वही मागवली.

"आजी, आता कुठं द्यायच्या?"

"द्यायच्या कशाला?"

"मग कशाला लिहायचं?"

"पुरं नाय झालं ना अजून," ती म्हणाली.

आठ दिवसांनी ती बाजारात आली. भागीरथीनं आपली भाजी रस्त्यापलीकडं हलवली होती. गिऱ्हाईक वेणूबाईच्या बाजूनं जाऊ लागलं की ती तिथून ओरडे, "ताई, कडेनं या गं. तिचा वारा नको लागायला." वेणूबाईच्या नाकावर खपली धरली होती. पोरं तिला 'नाकघाशी' म्हणायला लागली होती.

दुपारी बाजार मंदावला. ती नळावर गेली. राख, लिंबू, साबण. परत येऊन तिनं पत्र्याचा डबा मांडीवर घेतला. आता त्यात वही नव्हती. कापडात बांधलेली कुंकवाच्या अंगठ्यांची पानं होती. डब्यावर तिनं नवी वही ठेवली, पहिल्या ओळीवर पेन टेकवलं.

पलीकडून भागीरथी मोठ्यानं म्हणाली, "बघा, बघा! पुन्हा ढोंग सुरू."

वेणूबाईनं र काढला. मग म. त्याची गाठ आजही उघडीच राहिली.