सहा हजार वर्षं आणि एक शंख

किस्सा म्हणजे केळीचं झाड हो! एक काढावा, तर बुडाशी चार पिलं उभी. आमच्या बुऱ्हाणपूरच्या मिशन स्कूलचं तसंच. मी तिथं गणित शिकवायचो. पाद्रीसाहेब गोरे, तापट, पण मनाचे निर्मळ. त्यांच्या हिशेबी पृथ्वी सहा हजार वर्षांची, आणि देवानं ती सहा दिवसांत उरकली. पोरांनी तेच पाठ करायचं!

*

दाऊद मास्तर माझा जिगरी दोस्त. लोधीपुऱ्यातल्या भटजींचा मुलगा. ख्रिस्ती झाला आणि घरचं दार बंद झालं. आता चर्चचा पाळक व्हायची परीक्षा तेवढी उरली होती. नापास झाला तर मिशनची खोलीही जाणार. म्हणजे ना घर का ना घाट का!

एकदा हा बाबा शाळेच्या प्रार्थनेला उभा राहिला, डोळे मिटले, आणि तोंडातून लहानपणीचा पूजेचा संकल्पच बाहेर पडला, "श्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वंतरे, ताप्या उत्तरे तीरे..."

साहेब कडाडले, "हे काय?"

"सवय, साहेब. देवापुढं आधी आपला काळ नि ठिकाण सांगतात आमच्यात."

"किती काळ?"

दाऊदनं माझ्याकडं पाहिलं. मी मनात गुणाकार केला. "दोनशे कोटी वर्षांच्या घरात, साहेब."

साहेब मटकन खुर्चीत बसले. "हे तुम्ही रोज म्हणता? न्याहारीच्या आधी?"

*

उन्हाळ्यात आवारात विहीर खणली. काळा खडक, खाली लाल माती, परत काळा खडक. त्याखालच्या पांढऱ्या थरात बोटाच्या पेराएवढा शंख निघाला. पुरा दगड झालेला!

"नोहाचा जलप्रलय," साहेब म्हणाले.

"मग त्याच्यावर दोन-दोन खडक कधी बसले, साहेब? आणि मधली माती?" दाऊदनं विचारलं.

साहेब विहिरीत वाकून थर मोजायला लागले. मी शंख तळहातावर घेतला. काय सांगू! एवढं जुनं काही मी जन्मात हातात धरलं नव्हतं.

*

परीक्षेला वरून मोठे साहेब आले. आमच्या साहेबांनी बजावलं होतं, "दाऊद, सहा हजार सांग आणि मोकळा हो." मी व्हरांड्यात कान लावून उभा.

"पृथ्वीचं वय?"

दाऊदनं खिशातून शंख काढून टेबलावर ठेवला. मी कपाळावर हात मारला. मेला म्हटलं!

"देवानंच घडवली, साहेब, यात शंका नाही. पण देवाला घाई होती, असं कुठं लिहिलंय?"

मोठे साहेब लालबुंद. "अशा माणसाची हमी कोण घेणार?"

मग आमचे पाद्रीसाहेब उठले. "मी," म्हणाले, आणि शंख उचलून स्वतःच्या खिशात टाकला.

*

पुढं एका रविवारी दाऊद पाळक म्हणून पहिल्यांदा उभा राहिला. मीही गेलो, दाराशी थांबलो. वाचन बायबलातल्या उत्पत्तीचं. अंधार, पाणी, प्रकाश. संध्याकाळ झाली, सकाळ झाली, पहिला दिवस.

त्यानं दम घेतला, पुढची ओळ वाचायला तोंड उघडलं. पुढच्या बाकावरून पाद्रीसाहेबांनी हात वर केला. मुठीत शंख होता.

"थांब, दाऊद," ते हळूच म्हणाले. "पहिला अजून संपायचाय."